पाच खुर्च्यांचं सरकार: मे १९४० मधल्या ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाचं प्रकरण

आघाडी सरकार म्हटलं की पहिला प्रश्न खातेवाटपाचा येतो. गृह कुणाकडे, अर्थ कुणाकडे, कुणाच्या पदरात किती पडलं. १० मे १९४० रोजी लंडनमध्ये जे सरकार बनलं त्यातही खाती वाटली गेलीच. पण त्या सरकारचा खरा कस लागला तो वेगळ्या प्रश्नावर: भांडण कुठल्या खोलीत व्हायचं आणि त्या वेळी खोलीत कोण असायचं? पुढच्या तीन आठवड्यांत हे सरकार एकदा जवळजवळ फुटलं आणि तरीही टिकलं. ते कसं टिकलं, याचा हा अभ्यास.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं तेव्हा पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी नऊ जणांचं युद्ध मंत्रिमंडळ नेमलं. मजूर पक्ष आणि लिबरल पक्ष बाहेरच राहिले. पोटनिवडणुकीत एकमेकांविरुद्ध उमेदवार द्यायचे नाहीत, एवढाच समझोता झाला. म्हणजे युद्ध साऱ्या देशाचं, पण सरकार मुख्यतः हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं.

या नऊ जणांत लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्ही खात्यांचे मंत्री होते. वर संरक्षण समन्वयाचे मंत्री म्हणून लॉर्ड चॅटफिल्ड होते. कागदावर रचना चांगली दिसते. चालवायला घेतली की अडते. एखाद्या मोहिमेचा प्रश्न आधी तिन्ही दलप्रमुखांच्या समितीत जायचा. तिथून मंत्र्यांच्या लष्करी समन्वय समितीत, जिथे तेच दलप्रमुख सल्लागार म्हणून बसायचे. तिथून पूर्ण मंत्रिमंडळात, जिथे तेच मंत्री पुन्हा तेच मुद्दे मांडायचे. एकच दळण तीनदा. शिवाय प्रत्येक दलाचा मंत्री आपल्या दलाची बाजू लावून धरणार, आणि समन्वय करणाऱ्याच्या हाती हुकूम द्यायची ताकद नाही. चॅटफिल्ड एप्रिल १९४० च्या सुरुवातीला बाहेर पडले. त्यांची समिती आधी चर्चिल यांच्या अध्यक्षतेखाली आली आणि महिना अर्धा सरतो न सरतो तोच पंतप्रधानांना स्वतः तिथे बसावं लागलं.

याचा फटका नॉर्वेत बसला. ९ एप्रिलला जर्मनांनी नॉर्वेवर हल्ला केला. सैन्य नार्विकला उतरवायचं की ट्रॉन्डहाइमला, यावर लंडनचं मत फिरत राहिलं. गंमत अशी की या मोहिमेत सर्वांत जास्त हात होता तो नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांचा, आणि तिच्या अपयशामुळे खुर्ची गेली चेंबरलेन यांची.

७ आणि ८ मे रोजी कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, नॉर्वेच्या अपयशावर चर्चा झाली. हुजूर पक्षाचेच लिओ एमरी यांनी सतराव्या शतकात संसद बरखास्त करणाऱ्या क्रॉमवेलचे शब्द उच्चारून स्वतःच्या पंतप्रधानांना निघून जायला सांगितलं. मतदानात सरकार २८१ विरुद्ध २०० असं जिंकलं. एरवी दोनशेच्या वर असणारं मताधिक्य ८१ वर आलं होतं. सरकार पडलं नव्हतं, पण असं सरकार युद्ध चालवू शकत नव्हतं.

पहिला निर्णयबिंदू: कुणाच्या हाताखाली?

मजूर पक्षाला बरोबर घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही हे चेंबरलेन यांना कळून चुकलं होतं. कारखाने, खाणी, गोद्या यांतले कामगार ज्या संघटनांचं ऐकत, त्या मजूर पक्षाशी बांधलेल्या होत्या. कॉमन्समधल्या आकड्यांपेक्षा हे वजन मोठं होतं.

९ मे रोजी मजूर पक्षाचे नेते क्लेमंट अ‍ॅटली आणि त्यांचे उपनेते आर्थर ग्रीनवुड यांना बोलावणं गेलं. पक्षाची वार्षिक परिषद बोर्नमथला भरत होती, तेव्हा कार्यकारिणीला विचारल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पक्षापुढे ठेवायचे प्रश्न दोनच ठरले. चेंबरलेन यांच्या हाताखाली सरकारात याल का? दुसऱ्या कुणाच्या हाताखाली याल का?

प्रश्न असे दोन तुकड्यांत विचारले गेले, हे फार उपयोगी पडलं. ‘अमुक माणूस पंतप्रधान हवा’ असा प्रश्न असता तर कार्यकारिणीत रात्रभर काथ्याकूट झाला असता, कारण मजूर पक्षात लॉर्ड हॅलिफॅक्स यांना पसंती देणारेही होते. नाव न घेता फक्त अट घालायची, आणि नाव हुजूर पक्षाने ठरवायचं, अशी ही सोय झाली.

हुजूर पक्षापुढे तीन पर्याय होते.

चेंबरलेन यांनीच राहायचं आणि काही खाती बदलायची, हा पहिला. १० मेच्या पहाटे जर्मन सैन्य हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये घुसलं तेव्हा तर चेंबरलेन यांना वाटू लागलं की अशा वेळी बदल नकोच. त्यांचे जवळचे सहकारी किंग्जली वुड यांनीच त्यांना सांगितलं की आता जायला हवं. (नव्या सरकारात वुड अर्थमंत्री झाले.)

दुसरा पर्याय परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचा. हे हॅलिफॅक्स म्हणजे आपल्याला १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने माहीत असलेले व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. पक्षाला ते हवे होते, राजालाही चालले असते. पण ते उमराव सभेचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे सदस्य. युद्धाची सगळी खडाजंगी कॉमन्समध्ये होणार, तिथे चर्चिल बोलणार, संरक्षणाची सूत्रंही चर्चिल यांच्याकडेच असणार. मग पंतप्रधान नावापुरताच उरतो. ९ मेच्या दुपारच्या बैठकीत हॅलिफॅक्स यांनी स्वतःच माघार घेतली. चर्चिल यांनी पुढे आपल्या आठवणींत ही बैठक १० मेला टाकली आहे. तारीख चुकली, पण ती त्यांच्या मनात आक्रमणाच्या दिवसाशी जोडली गेली होती हे त्यातून दिसतं.

राहिले चर्चिल. हुजूर पक्षातल्या बऱ्याच जणांना ते बेभरवशाचे वाटत.

१० मेला युद्ध मंत्रिमंडळाच्या तीन बैठका झाल्या. तिसरी चालू असतानाच, पाचच्या सुमारास, बोर्नमथहून अ‍ॅटली यांचा फोन आला: चेंबरलेन यांच्या हाताखाली नाही, नव्या पंतप्रधानाच्या हाताखाली बरोबरीचे भागीदार म्हणून होय. चेंबरलेन राजवाड्यावर गेले आणि संध्याकाळी चर्चिल यांना बोलावणं आलं.

दुसरा निर्णयबिंदू: खुर्च्या किती आणि कुणाच्या?

चर्चिल यांच्यापुढे १९१६ चा दाखला होता. लॉइड जॉर्ज यांनी तेव्हा पाच जणांचं युद्ध मंत्रिमंडळ केलं होतं आणि त्यातल्या एकट्या बोनार लॉ यांच्याकडे खातं होतं, अर्थखातं. बाकीचे मोकळे. खात्याचा मंत्री फायलींत बुडतो आणि बैठकीत फक्त आपल्या खात्यापुरतं बोलतो. मोकळा मंत्री पूर्ण कागद वाचून येतो, हा त्यामागचा विचार.

नव्या यादीत पाच नावं आली. चर्चिल पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री. चेंबरलेन लॉर्ड प्रेसिडेंट. अ‍ॅटली लॉर्ड प्रिव्ही सील (ही दोन्ही पदं जुन्या मानाची, मोठं खातं नसलेली). हॅलिफॅक्स परराष्ट्रमंत्री. ग्रीनवुड बिनखात्याचे मंत्री. मोठं खातं सांभाळणारे एकटे हॅलिफॅक्स.

१९३५ च्या निवडणुकीत ६१५ जागांच्या सभागृहात मजूर पक्षाला १५४ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे चौथा हिस्सा. युद्ध मंत्रिमंडळात पाचातल्या दोन खुर्च्या मिळाल्या. जागांच्या प्रमाणात वाटप केलं असतं तर एक खुर्ची आली असती आणि तो एकटा माणूस शोभेचा राहिला असता. दोन असले की एक मुद्दा मांडतो, दुसरा त्याला दुजोरा देतो.

तिन्ही सैन्यदलांचे मंत्री मंत्रिमंडळाबाहेर ठेवले आणि तीन दलं तीन पक्षांना दिली: लष्कर हुजूर पक्षाच्या ईडन यांना, नौदल मजूर पक्षाच्या अलेक्झांडर यांना, हवाई दल लिबरल नेते सिंक्लेअर यांना. तिघेही खात्याचं प्रशासन पाहणार. मोहिमांबाबत दलप्रमुख थेट संरक्षणमंत्र्यांशी, म्हणजे चर्चिल यांच्याशी बोलणार. या संरक्षणमंत्रिपदाला कायदा नव्हता, व्याख्या नव्हती, खातंही नव्हतं. युद्ध मंत्रिमंडळाच्या सचिवालयातले लष्करी अधिकारी आणि त्यांचे प्रमुख इस्मे, एवढाच त्याचा पसारा. अधिकार लिहून घेतले असते तर त्यावर तिन्ही खात्यांनी हरकती काढल्या असत्या. न लिहिल्यामुळे तीनदा दळायचं काम एकदाच होऊ लागलं.

सिंक्लेअर यांच्याबाबत एक छोटं कलम ठेवलं गेलं. ते युद्ध मंत्रिमंडळात नव्हते, पण पक्षांच्या मूलभूत भूमिकेशी किंवा एकजुटीशी संबंध येणारा विषय निघाला तर त्यांना बोलवायचं. यादी करताना हे तोंड गोड करण्यापुरतं वाटलं असेल. सोळा-सतरा दिवसांत ते कामाला आलं.

सगळ्यांत नाजूक प्रश्न चेंबरलेन यांचा होता. मजूर पक्षाच्या बऱ्याच जणांना ते सरकारातच नको होते. चर्चिल यांनी त्यांना कॉमन्समधलं नेतेपद द्यायचा विचार केला, त्याला मजूर पक्षाने विरोध केला आणि तो विचार सोडला गेला. पण टेबलावरची खुर्ची मात्र राहिली. हुजूर पक्षाचं नेतेपदही चेंबरलेन यांच्याचकडे राहिलं. चर्चिल पंतप्रधान झाले ते स्वतःच्या पक्षाचे नेते नसताना. १३ मे रोजी ते कॉमन्समध्ये आले तेव्हा हुजूर बाकांवरून जास्त जोराचा जयघोष झाला तो चेंबरलेन यांच्यासाठी. विश्वासाचा ठराव ३८१ विरुद्ध शून्य असा संमत झाला, पण त्या आकड्यावर विसंबण्यासारखी स्थिती नव्हती. मुख्य प्रतोद मार्गेसन यांनाही जागेवरच ठेवलं, जोडीला मजूर पक्षाचा प्रतोद दिला. काही दिवसांपूर्वीपर्यंत चेंबरलेन यांच्यासाठी मतं जमवणारा माणूस आता आपल्यासाठी मतं जमवेल, हा व्यवहारी हिशेब होता.

मजूर पक्षाने खुर्च्यांपेक्षा मोठी किंमत दुसरीकडे वसूल केली. वाहतूक आणि इतर कामगारांच्या बलाढ्य संघटनेचे सरचिटणीस अर्नेस्ट बेव्हिन खासदारही नव्हते. त्यांना कामगारमंत्री केलं आणि नंतर बिनविरोध निवडून आणलं. २२ मे रोजी अ‍ॅटली यांनी मांडलेला आणीबाणीच्या अधिकारांचा कायदा एका दिवसात संमत झाला. माणसं, त्यांचं श्रम आणि त्यांची मालमत्ता, तिन्ही सरकारच्या हवाली. त्याबरोबरच युद्धकाळातल्या जादा नफ्यावरचा कर १०० टक्के करण्यात आला. कामगाराला ‘इथे काम कर’ असा हुकूम देता येईल, तर कारखानदाराला युद्धाच्या जिवावर जादा नफा खिशात घालता येणार नाही. ही देवाणघेवाण झाली नसती तर जुलैमध्ये संपांवर बंदी आणणारा हुकूम बेव्हिन यांना स्वतःच्या माणसांच्या गळी उतरवता आला नसता.

पेच: २६ ते २८ मे

फ्रान्स कोसळत होता. ब्रिटिश सैन्य उत्तर फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्याकडे ढकललं जात होतं. इटली अजून युद्धात उतरलेली नव्हती. २५ मे रोजी हॅलिफॅक्स यांनी इटलीचे राजदूत बास्तियानिनी यांची भेट घेतली. हेतू इटलीला युद्धाबाहेर ठेवण्याचा, पण बोलणं सरकत सरकत साऱ्या युरोपच्या तडजोडीपर्यंत गेलं. २६ मेला फ्रेंच पंतप्रधान रेनो लंडनला आले. मुसोलिनींना काही देऊ करून त्यांच्यामार्फत मार्ग काढावा, असा त्यांचा सूर होता.

तीन दिवसांत युद्ध मंत्रिमंडळाच्या नऊ बैठका झाल्या. दलप्रमुखांनी एक टिपण आधीच तयार ठेवलं होतं. फ्रान्स पडला तर ब्रिटन एकटा लढू शकेल का, हा त्याचा विषय. पण शीर्षकात ‘फ्रान्स’ हा शब्दच नाही, ‘एका विशिष्ट परिस्थितीत’ एवढंच म्हटलेलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: हवाई दल शाबूत राहिलं आणि अमेरिकेने आर्थिक मदत पूर्णपणे दिली, तर होय. दोन्ही ‘तर’ त्या दिवशी कुणाच्याच हातात नव्हते.

समोरचे पर्याय

हॅलिफॅक्स यांचं म्हणणं असं: जर्मनीचा पूर्ण पराभव हा प्रश्न आता मागे पडला आहे; साम्राज्याचं स्वातंत्र्य राखता येईल अशा अटी मिळत असतील तर त्या काय आहेत हे न बघणं चूक ठरेल. यात घाबरटपणा शोधू नये. हातात असलेले आकडे पाहता ही भूमिका तर्काला धरून होती.

चर्चिल यांचं म्हणणं असं: या उतारावर एकदा पाय ठेवला की थांबता येणार नाही. बोलणी सुरू झाल्याचं कळलं की लोकांचा धीर सुटेल आणि मग उठून यायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. मात्र ते पहिल्या दिवसापासून ताठ होते असं इतिवृत्तावरून दिसत नाही. देऊ केलेल्या अटी कळल्या तर विचार करू, आपण होऊन मागणार नाही, अशा छटा त्यांच्या बोलण्यात होत्या. हॅलिफॅक्स यांच्यावर दार एकदम आपटायचं नाही, हे त्यामागचं धोरण असावं.

तिसरा पर्याय चेंबरलेन यांच्याकडून आला: सरळ नकार दिला तर फ्रेंचांना हत्यार टाकायला निमित्त मिळेल, तेव्हा नकार द्यायचा पण वेळ काढत.

अ‍ॅटली आणि ग्रीनवुड बोलण्यांच्या विरोधात होते. अ‍ॅटली थोडक्या शब्दांत, ग्रीनवुड जरा तिखटपणे.

आता इथे हिशेब नीट पाहायला हवा. चर्चिल, अ‍ॅटली, ग्रीनवुड एका बाजूला, हॅलिफॅक्स दुसरीकडे, चेंबरलेन मधे. तीन विरुद्ध दोन धरलं तरी चर्चिल जिंकतात, मग अडलं कुठे? अडलं ते हे, की मतदान घेण्यासारखा हा विषयच नव्हता. हॅलिफॅक्स आणि चेंबरलेन दोघेही राजीनामा देऊन बाहेर पडले असते तर सभागृहात हुजूर पक्षाचं मोठं बहुमत त्यांच्या मागे उभं राहिलं असतं, आणि चर्चिल मजूर पक्षाच्या १५४ जागांवर बसलेले हुजूर पंतप्रधान ठरले असते. तीन दिवसांत एकदाही हात वर करून मत घेतलं गेलं नाही, त्याचं कारण हेच.

तिसरा निर्णयबिंदू: खोली मोठी करणं

२७ मेच्या साडेचारच्या बैठकीला चर्चिल यांनी सिंक्लेअर यांना बोलावलं. ते छोटं कलम बाहेर काढलं. सिंक्लेअर बोलण्यांच्या विरोधात होते, हे चर्चिल यांना ठाऊक होतं. या बैठकीत वाद पेटला. असंच चालणार असेल तर आपले मार्ग वेगळे होतील, असं हॅलिफॅक्स यांनी सांगितलं. बैठकीनंतर चर्चिल त्यांना बागेत घेऊन गेले. तिथला तपशील हॅलिफॅक्स यांच्या रोजनिशीत आहे: चर्चिल दिलगिरीने आणि मायेने बोलले. हॅलिफॅक्स थांबले.

२८ मेला पहाटे बेल्जियमने शस्त्रं खाली ठेवली. चारची बैठक कॉमन्सच्या इमारतीतच झाली, कारण चर्चिल यांना सभागृहात निवेदन करायचं होतं. पुन्हा तेच मुद्दे, पुन्हा तीच कोंडी. पाचच्या सुमारास बैठक तहकूब झाली, सातला पुन्हा भरायचं ठरलं.

मधल्या वेळात चर्चिल यांनी युद्ध मंत्रिमंडळाबाहेरच्या, खाती सांभाळणाऱ्या सुमारे पंचवीस मंत्र्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तिन्ही पक्षांचे लोक होते. आर्थिक युद्धाचं खातं सांभाळणारे मजूर पक्षाचे ह्यू डाल्टन तिथे होते आणि त्यांच्या रोजनिशीतून आपल्याला ही बैठक दिसते. चर्चिल यांनी परिस्थिती लपवली नाही. किनाऱ्यावरून किती माणसं परत येतील सांगता येत नाही, हे बोलून दाखवलं. वाटाघाटींचा विचार आपणही करून पाहिला आणि सोडून दिला, हेही. एकानेही विरोधी सूर काढला नाही. काही जण उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी पाठ थोपटली.

सातला पाच जण पुन्हा बसले. उच्चपदस्थांच्या इतक्या ठाम शब्दांत बोलणाऱ्या सभेची आपल्याला आठवण नाही, असं चर्चिल यांनी सांगितलं. हॅलिफॅक्स यांनी पुढे रेटलं नाही. चेंबरलेन तोवर चर्चिल यांच्याकडे झुकले होते. रेनो यांना नकाराचं उत्तर त्याच रात्री गेलं.

ही खेळी शुद्ध होती का? नियमाने पाहिलं तर निर्णय युद्ध मंत्रिमंडळाचा, बाहेरच्यांना त्यात मत नाही. चर्चिल यांनी मत मागितलंच नाही. त्यांनी माहिती दिली आणि प्रतिसाद आत नेला. पण हॅलिफॅक्स त्या खोलीत नव्हते, त्यांची बाजू मांडणारं कुणी नव्हतं. न्याय्य चर्चा म्हणून पाहिलं तर ही एकतर्फी होती. सरकार वाचवण्याचा उपाय म्हणून पाहिलं तर ती अचूक वेळेला झाली.

परिणाम

डंकर्कचं यश पाहून ब्रिटनने लढायचं ठरवलं, असा समज बराच पसरलेला आहे. तारखा तसं सांगत नाहीत. सैन्य परत आणण्याचा हुकूम २६ मेच्या संध्याकाळी सुटला तेव्हा जेमतेम ४५,००० माणसं निघतील असा अंदाज होता. २७ मेला ७,६६९ आणि २८ मेला १७,८०४ परत आले. म्हणजे निर्णय झाला त्या दिवसअखेर हाती पंचवीस हजारच माणसं होती. ३,३८,२२६ हा एकूण आकडा ४ जूनचा.

पाच जणांचं टेबल मात्र तसं राहिलं नाही. ऑगस्टमध्ये विमान उत्पादनाचे मंत्री बीव्हरब्रुक आत आले. चेंबरलेन यांना कर्करोगाने गाठलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पद सोडलं आणि ९ नोव्हेंबरला ते गेले. बेव्हिन, वुड आणि जॉन अँडरसन आत आले आणि पाचाचे आठ झाले. हुजूर पक्षाचं नेतेपद आता चर्चिल यांनी घेतलं. डिसेंबरमध्ये हॅलिफॅक्स यांची वॉशिंग्टनला राजदूत म्हणून रवानगी झाली. मे महिन्यात त्यांना दुखावणं परवडणारं नव्हतं, डिसेंबरमध्ये परवडलं.

रेशन, किमती, मजुरी, मनुष्यबळ हे विषय लॉर्ड प्रेसिडेंटच्या समितीकडे गेले आणि अँडरसन यांनी ते इतक्या नेटाने चालवले की युद्ध मंत्रिमंडळापर्यंत फार थोडं पोचायचं. चर्चिल परदेशी असले की अध्यक्षस्थानी अ‍ॅटली, आणि मग कार्यक्रमपत्रिका वेळेत संपायची.

मे १९४५ मध्ये, जर्मनी हरल्यावर, जपान हरेपर्यंत आघाडी चालवावी असं चर्चिल यांनी सुचवलं. मजूर पक्षाच्या ब्लॅकपूल परिषदेने नाही म्हटलं आणि २३ मेला आघाडी संपली. आघाडी बांधली गेली तीही मजूर पक्षाच्या परिषदेतल्या उत्तरावर, आणि सुटली तीही.

वेगळं काय करता आलं असतं

चेंबरलेन यांच्याबाबत मजूर पक्षाने जेवढं ताणलं, त्यापेक्षा एक घर जास्त ताणलं असतं तर २८ मेला मधे उभा राहणारा माणूसच नसता. हा धडा उलट्या बाजूचा आहे: करता आलं असतं, केलं नाही, बरं झालं.

लिखित समान कार्यक्रम नव्हता. युद्ध जिंकणं एवढंच सूत्र. ते १९४२ च्या अखेरीपर्यंत पुरलं. मग बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल आला आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये मजूर पक्षाचे सरकारबाहेरचे जवळजवळ सगळे खासदार स्वतःचेच मंत्री बसलेल्या सरकारविरुद्ध मत देऊन मोकळे झाले. मे १९४० मध्ये कार्यक्रम लिहायला वेळ नव्हता, हे खरं. १९४१ मध्ये होता.

सर्वांत ठळक चूक मात्र अधिकारपत्राची. हॅलिफॅक्स यांना बास्तियानिनी यांच्याशी बोलायची मुभा होती, पण बोलणं कुठे थांबवायचं हे कुणी आखून दिलं नव्हतं. इटलीच्या तटस्थतेपुरतं बोला, त्यापुढचा विषय निघाला तर उठून या, अशी दोन ओळींची मर्यादा असती तर तीन दिवसांचा निम्मा वाद झाला नसता.

हीच चूक मार्च १९४२ मध्ये पुन्हा झाली, आणि या वेळी तिची झळ इथे पोचली. अ‍ॅटली यांच्या अध्यक्षतेखाली युद्ध मंत्रिमंडळाची भारत समिती होती. तिने तयार केलेला जाहीरनामा घेऊन स्टॅफर्ड क्रिप्स, तेव्हा स्वतः युद्ध मंत्रिमंडळाचे सदस्य, दिल्लीला आले. युद्धानंतर काय द्यायचं ते जाहीरनाम्यात होतं. युद्ध चालू असताना व्हाइसरॉयच्या मंडळाला किती अधिकार, संरक्षणखातं कुणाकडे, हे मोघम होतं. काँग्रेसशी खरी बोलणी त्याच मोघम जागेवर झाली. क्रिप्स पुढे सरकले, व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा लंडनशी वेगळा पत्रव्यवहार चालूच होता, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात युद्ध मंत्रिमंडळाने क्रिप्स यांना मागे ओढलं. बोलणी फिसकटली. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली आणि गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं.

त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून सर रामस्वामी मुदलियार आणि नवानगरचे जामसाहेब यांना लंडनला युद्ध मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसवण्यात आलं. दोघेही सरकारने निवडलेले. टेबलावरून उठून गेले तर सरकार हलेल, असं त्यांच्यापैकी कुणाच्याही बाबतीत नव्हतं. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बंगालसाठी धान्याची जहाजं मागायची वेळ आली, तेव्हा ती मागणी भारतमंत्री एमरी यांनी मांडली. हे तेच एमरी, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी चेंबरलेन यांना निघून जायला सांगितलं होतं. एमरी युद्ध मंत्रिमंडळाचे सदस्य नव्हते; विषयापुरते आत येत. जहाजं मागणीच्या मानाने फारच थोडी मिळाली.